सगळे अहवाल ठीक, तरी दुखणे कायम: स्त्रियांच्या जुनाट तक्रारींसाठीच्या एका क्लिनिकचा अनुभव

सोनोग्राफीत काही दिसत नाही, हिमोग्लोबिन मर्यादेत आहे, थायरॉइडचा अहवालही ठीक आहे, आणि तरीही ओटीपोट महिन्यातले अर्धे दिवस दुखते व दुपारनंतर अंगात त्राण उरत नाही, अशी तक्रार घेऊन गेलेल्या स्त्रीला बहुतेक ठिकाणी वेदनाशामक गोळी आणि ‘टेन्शन घेऊ नका’ एवढाच सल्ला मिळतो. अशाच, कारण न सापडलेल्या तक्रारींसाठी चालणाऱ्या एका क्लिनिकमध्ये मी गेले. पुढे काही नाराजीही नोंदवायची असल्याने क्लिनिकचे नाव देत नाही.

भेटीपूर्वी भरायचा फॉर्म कंटाळवाणा वाटावा इतका लांब आहे, पण त्यातले प्रश्न नेमके आहेत. दुखणे पाळीच्या किती आधी सुरू होते, शौचाच्या वा लघवीच्या वेळी वाढते का, शरीरसंबंधाच्या वेळी दुखते का, पॅड किती तासांनी बदलावा लागतो, रक्ताच्या गाठी पडतात का, हे सारे त्याआधी मला कोणीही एका बैठकीत विचारले नव्हते. सोबत सलग दोन पाळीचक्रांची रोजची नोंद मागतात. ही मागणी रास्त आहे, कारण पाळीपूर्वीच्या तीव्र मानसिक त्रासाचे पक्के निदान अशा रोजच्या नोंदीवरूनच होते. आणि दुखणे पाळीबरोबर चढते-उतरते की तिच्याशी त्याचा संबंधच नाही, हेही त्यातूनच उमगते.

डॉक्टरांनी जुनी फाईल पान न् पान वाचली आणि तिच्यात काय नाही ते आधी पाहिले. हिमोग्लोबिन 12 च्या वर असूनही शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असू शकतो. तो दाखवणारी फेरिटिनची तपासणी माझ्या फाईलमध्ये नव्हतीच. ती केल्यावर आकडा लिटरमागे 15 मायक्रोग्रॅमच्याही खाली निघाला, आणि थकव्याचे किमान एक कारण तरी हाती लागले. केसांसाठी मी घेत असलेल्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे थायरॉइडचे आकडे चुकीचे येऊ शकतात, म्हणून काही दिवस त्या थांबवून ती तपासणी पुन्हा करायला लावली. औषधाच्या दुकानात सहज मिळणाऱ्या या गोळीबद्दल रक्त घेताना कोणी विचारत का नाही, याचे मला अजून नवल वाटते.

ओटीपोटाच्या दुखण्याबाबत त्यांनी एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, शक्यता बोलून दाखवली. प्रजननक्षम वयातल्या सुमारे 10 टक्के स्त्रियांना हा आजार असतो, आणि त्याचे वरवरचे चट्टे सोनोग्राफीत बहुधा दिसत नाहीत. सोनोग्राफी किंवा एमआरआय स्वच्छ असला तरी हा आजार नाही असे ठरत नाही, असे युरोपीय तज्ज्ञसंस्थेची 2022 ची मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने खात्री करून घेण्याआधी हार्मोनचे उपचार सुरू करता येतात. तोच मार्ग मी निवडला. दुखणे पूर्ण थांबलेले नाही, कमी झाले आहे.

आता नाराजीचे. स्वागतकक्षात डॉक्टरांना भेटण्याआधीच तपासण्यांचे भले मोठे पॅकेज गळ्यात मारण्याचा प्रयत्न होतो. त्यात एएनए, म्हणजे शरीर स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते का हे पाहणारी रक्ततपासणीही आहे. ती निरोगी माणसातही थोडीफार पॉझिटिव्ह येऊ शकते, त्यामुळे सांधे सुजणे किंवा अंगावर चट्टे उठणे असे काही नसताना ती केल्यास हाती बहुधा फक्त धास्ती लागते. डॉक्टरांनीच ती यादीतून खोडली, ही जमेची बाजू. पाठपुराव्याला मात्र दुसरेच डॉक्टर व्हिडिओवर आले आणि त्यांनी माझी नोंदवही उघडलीही नव्हती. लोहाच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते हेसुद्धा मला विचारल्यावर कळले. नोंदवहीची प्रत स्वतःजवळ ठेवून जावे.

भेटीसाठी बरेच थांबावे लागते. वर्षानुवर्षे अंगावर काढलेल्या दुखण्यासाठी तेवढे थांबणे परवडते, परंतु रजोनिवृत्तीनंतरचा रक्तस्राव, अचानक उठलेली असह्य कळ किंवा चक्कर येण्याइतका रक्तस्राव असेल, तर इथल्या प्रतीक्षायादीत नाव घालून बसू नये, थेट रुग्णालय गाठावे.