लाटांची वीज: बंधाऱ्यातली की तरंगती?

भाचा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला समुद्राच्या लाटांपासून वीज करणाऱ्या यंत्राचं मॉडेल करायचंय; बंधाऱ्यातलं करू की तरंगतं, यावर गाडी अडलीय.

बंदराला लाटांपासून आडोसा देणाऱ्या बंधाऱ्यातल्या काँक्रीटच्या खोलीत लाट चढली की हवा बाहेर ढकलली जाते, उतरली की आत ओढली जाते. गंमत म्हणजे या हवेवर फिरून वीज करणारं पंख्यासारखं वेल्स टर्बाइन दोन्ही वेळा एकाच दिशेला फिरतं. स्पेनमध्ये मुत्रिकूला 2011 पासून अशी 16 टर्बाइन्स आहेत. सगळी मिळून जेमतेम 296 किलोवॉट.

पोर्तुगालच्या समुद्रात 2008 मध्ये सोडलेली पेलामिस म्हणजे शंभर मीटरहून लांब, लाटांवर तरंगत सांध्यासांध्यांत वाकणारे आणि त्यातून वीज करणारे तीन लोखंडी साप. एकेक 750 किलोवॉटचा! खोल पाण्यात लाटेचा जोर जास्त. पण काही महिन्यांतच बेअरिंगांनी दगा दिला, साप बंदरात ओढून आणले आणि पैशांअभावी परत गेलेच नाहीत.

दुरुस्तीतच खरी मेख आहे. बंधाऱ्यावर पाना घेऊन चालत जाता येतं. सापांसाठी टगबोट हवी, वर समुद्र शांत व्हायची वाट बघा.

बंदरासाठी बंधारा बांधायचाच असेल, तर खोलीच परवडते. भरपूर वीज हवी आणि बुडीत खर्च सोसायची तयारी असेल, तर साप. भाच्याने काचेची टाकी घ्यावी, खोलीच करावी.