बोडी की कॅलिको? ओस पडलेलं खाणगाव एकच बघायचं असेल तर

भारतातून आई-बाबा आले किंवा मुलांना सुट्टी लागली, की कॅलिफोर्नियातल्या आमच्या ओळखीच्या घरांमध्ये हा प्रश्न हमखास निघतो. आम्ही दोन्ही गावं पाहिली आहेत. कॅलिको आधी आणि बोडी त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, दोन्ही वेळा आई सोबत होती.

एक गोष्ट आधीच सांगतो, सोन्याचं गाव बघायचं म्हणून कॅलिकोला जाऊ नका. तिथे निघाली ती चांदी. १८८१ साली गाव वसलं, १८९०च्या दशकात चांदीचा भाव कोसळला आणि माणसं निघून गेली. सोन्याचं गाव बोडी.

सोयीच्या बाबतीत कॅलिको उजवं, यात वाद नाही. लॉस एंजेलिसहून लास वेगसला जाताना बार्स्टोच्या पुढे हायवेवरून जरासं आत वळायचं, झालं. खायला-प्यायला मिळतं, छोटी आगगाडी आहे, मॅगी माइन या जुन्या खाणीच्या बोगद्यात चालत जाता येतं. मोहावी वाळवंटाच्या उन्हातून त्या गारव्यात शिरल्यावर आईला फार बरं वाटलं होतं.

पण एका गोष्टीने माझा रस गेला. १९५१ मध्ये 'नॉट्स बेरी फार्म' या करमणूक पार्कचे मालक वॉल्टर नॉट यांनी हे गाव विकत घेतलं आणि पाच इमारती सोडून बाकीचं सगळं १८८०च्या काळातलं वाटेल असं नव्याने उभं केलं. त्यांनी ते केलं नसतं तर आज तिथे बघण्यासारखं फारसं उरलंही नसतं, हे मला मान्य आहे. पण आमची मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. प्रत्येक भिंतीला हात लावून ती विचारायची, "बाबा, हे तेव्हाचं की नंतरचं?" दोन-तीनदा मी पाटी वाचून सांगितलं, नंतर मलाही कळेना. तासाभराने तिने विचारणंच सोडून दिलं. ते मला फार लागलं.

बोडीला जायचं म्हणजे थोडे कष्ट आहेत. सिएरा नेवाडा डोंगरांच्या पूर्वेकडचा ३९५ नंबरचा हायवे सोडल्यावर १३ मैल आत, त्यातले शेवटचे तीन कच्चे. रस्ता पन्हाळी पत्र्यासारखा, डब्यातले लाडू फुटले आमचे. गाव ८,३७९ फुटांवर आहे, त्यामुळे चढावर आईला दम लागला आणि दर थोड्या अंतरावर बसावं लागलं. तिथे ना जेवण मिळतं ना पेट्रोल. पाणी, दशम्या, टोपी सगळं घरूनच न्यायचं आणि टाकी वाटेत ली व्हायनिंग किंवा ब्रिजपोर्टला भरून घ्यायची.

बहुतेक घरांत आत जाता येत नाही, खिडकीतूनच बघायचं. काचेला नाक लावायचं, डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरायचे आणि थोडं थांबायचं. आधी नुसता अंधार दिसतो. मग हळूहळू टेबल उमटतं, त्यावरची भांडी, सुटून लोंबणारा भिंतीचा कागद, सगळ्यावर धुळीचा जाड थर. बून स्टोअरच्या फळ्यांवर माल अजून मांडलेला आहे. शाळेत बाकं आहेत, पृथ्वीचा गोल आहे. एका खिडकीपाशी आई बराच वेळ उभी राहिली. म्हणाली, "अरे, हा लोखंडी पलंग बघ. माझ्या माहेरी माळ्यावर अगदी असाच होता."

१८५९ मध्ये ज्या बोडींना इथे सोनं सापडलं, ते त्याच हिवाळ्यात हिमवादळात गेले. त्यांच्या नावाचं गाव त्यांनी पाहिलंच नाही. पुढे १८७०च्या दशकात मोठं घबाड लागलं आणि १८८०च्या सुमारास तिथे आठेक हजार माणसं राहत होती. १९३२च्या आगीत बरंचसं गाव जळालं. उरलेलं १९६२ पासून राज्याच्या ताब्यात आहे आणि त्यांचा नियम साधा आहे: पडझड जिथे आहे तिथेच थोपवायची. गळकं छप्पर नीट करतात, कललेल्या भिंतीला टेकू देतात, पण नवं काही उभारत नाहीत. मुलीने तोच प्रश्न इथे एकदाच विचारला. "तेव्हाचंच," म्हणालो, आणि ती पुढच्या खिडकीकडे पळाली.

वेगसला चालला असाल, हिवाळा असेल किंवा कुणाला दम्याचा त्रास असेल, तर कॅलिको खुशाल करा, दिवस वाया जाणार नाही. बर्फ पडलं की बोडीचा रस्ता गाड्यांना बंदच असतो. पण उन्हाळ्यात योसेमिटीवरून टायोगा पासने मोनो लेककडे उतरणार असाल, तर माझ्या मते बोडीसाठी अर्धा दिवस वेगळा काढाच. शक्यतो सकाळीच पोहोचा. दुपार कलली की पश्चिमेकडच्या काचांवर ऊन चमकतं आणि हात कितीही धरले तरी आतलं नीट दिसत नाही.