मुर्मान्स्क: थेट चाल की लोहमार्गावर घाव?

१९४१च्या उन्हाळ्यात फाल्कनहोर्स्ट यांच्या जर्मन ‘नॉर्वे सेने’पुढे सोव्हिएत संघाच्या उत्तर टोकाचे मुर्मान्स्क बंदर निकामी करण्याचे दोन मार्ग होते. तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या पेत्सामोहून थेट चाल करणे अंतराने जवळचे होते. पण २९ जूनला निघालेल्या जर्मन सेनापती डीटल यांच्या पर्वतीय सैनिकांना वृक्षहीन, खडकाळ टुंड्रातून दारूगोळा खेचरांवर आणि पाठीवर वाहावा लागला आणि लित्सा नदीपाशी अडलेली ही आघाडी १९४४पर्यंत जवळपास तेथेच राहिली. साल्ला गावामार्गे मुर्मान्स्कच्या दक्षिणेचे कांदालाक्शा गाठून बंदराकडे जाणारा लोहमार्ग तोडणे मला अधिक शहाणपणाचे वाटते, कारण त्यामुळे बंदर न जिंकताही त्याचा दक्षिणेशी असलेला रेल्वेसंपर्क संपला असता. शिवाय तेथे जंगलयुद्धात मुरलेले, जर्मनीच्या बाजूने लढणारे फिनिश सैनिक सोबतीला होते. मात्र बळ विभागले गेले आणि सप्टेंबरात ही चढाईही वेर्मान नदीवर थांबली.