बोकड, हिस्सा की ऑनलाइन? कुर्बानीचं मटण गरिबाच्या चुलीपर्यंत कसं पोचतं

कुर्बानी कोणावर आहे, कोणतं जनावर चालतं आणि कोणतं चालत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. जिल्हज्जचा, म्हणजे बकरी ईदच्या महिन्याचा, चांद जवळ आला की ओळखीतले लोक विचारतात ते वेगळंच असतं. यंदा बोकड घ्यावा, गावाला हिस्सा टाकावा (म्हणजे सात जणांत मिळून घेतलेल्या मोठ्या जनावरातला एक वाटा), की एखाद्या संस्थेला मोबाईलवरून पैसे भरून मोकळं व्हावं? तिन्ही प्रकार मी केले आहेत. नियत साफ असेल आणि जनावर शर्तीत बसत असेल तर कुर्बानी तिन्ही प्रकारे अदा होते, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही. मी एवढंच बघतो की गोश्त, म्हणजे मांस, शेवटी कोणाच्या घरात शिजतं.

हे बघण्याला आधार आहे. सूरह हजच्या 36व्या आयतीत कुर्बानीचं मांस स्वतः खा, आणि जो मागतो त्याला द्या, जो मागत नाही त्यालाही द्या, असं सांगितलं आहे. मागणारा दारात येतोच. न मागणाऱ्याला शोधावं लागतं, आणि माझ्या मते तिन्ही पर्यायांचा खरा कस तिथेच लागतो.

आधी बोकड. त्याची गोडी मी नाकारत नाही. मुंबईत देवनारच्या बाजारात जाऊन जनावर पारखायचं, राजस्थानहून आलेल्या व्यापाऱ्याशी भाव करायचा, घरी आणल्यावर पोरांनी त्याला पाला चारायचा आणि ईदच्या नमाजनंतर आपल्या डोळ्यांसमोर जबीहा, म्हणजे जनावर कापणं, व्हायचा. मुलांना कुर्बानी म्हणजे काय ते यातूनच कळतं, मोबाईलवर आलेल्या पावतीतून कळत नाही. दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. बाजारात मटण फार महाग झालंय. वर्षभर बडं, म्हणजे म्हशीचं मांस, खाणाऱ्या, किंवा तेही न खाणाऱ्या घरात त्या दिवशी बोकडाचं मटण शिजतं, त्याचा आनंद वेगळाच असतो. तो मी पाहिला आहे, म्हणून बोकडाला कमी लेखणार नाही.

शाफई मंडळींसाठी, म्हणजे आम्हा कोकणी मुसलमानांसाठी, एक सूचना. आमच्या मसलकात, म्हणजे धार्मिक नियमांच्या परंपरेत, बोकड दोन वर्षांचा पूर्ण लागतो, हनफी या दुसऱ्या मसलकात एक वर्षाचा चालतो. बाजारात व्यापारी दोन दात दाखवून "कुर्बानीला पक्का" म्हणतो, ते हनफी हिशोबाने. तुम्ही निदान चार दात बघून घ्या.

खर्चाचं सांगायचं तर तीस-बत्तीस किलोच्या बोकडातून गोश्त निघतं चौदा-पंधरा किलो. आमच्या गावी तेवढ्याच पैशात म्हशीचे चार-पाच हिस्से सहज येतात, आणि बऱ्यापैकी म्हशीच्या एकेका हिश्शाला पंधरा-वीस किलो पडतं. गरिबाला खाऊ घालणं हाच हेतू असेल तर हा फरक डोळ्याआड करण्यासारखा नाही. त्यातही शाफई मतानुसार एका घरातून एकाने कुर्बानी केली तर घराची सुन्नत अदा होते. हनफींकडे घरातल्या प्रत्येक निसाबवाल्यावर, म्हणजे ठरावीक मालमत्ता असणाऱ्यावर, ती वाजिब (बंधनकारक) असते. चार कमावत्यांच्या हनफी घराला चार बोकड झेपत नाहीत, म्हणून ती मंडळी हिश्शाकडे आधीच वळलेली असतात. आपण कोकणी लोक मात्र एका बोकडात समाधान मानतो.

पण माझा कौल पैशावरून ठरला नाही. ठरला तो मुंब्र्यातल्या ईदच्या दुपारी.

आमच्या भागात बहुतेक इमारतींत कुर्बानी होते. दुपारी दोन-तीनपर्यंत गोश्त कापून होतं आणि मग पिशव्या निघतात. मावशीकडे एक, मामाकडे एक, शेजारी एक, आणि थोड्या वेळाने त्यांच्या घरच्या पिशव्या आपल्याकडे. देण्याघेण्यात गैर काही नाही, नातेवाइकांचा वाटा सुन्नतच आहे. पण हा वाटा फिरून फ्रीझरमध्येच येतो. गरिबांचा वाटा कुठे जातो? तो जातो वॉचमनकडे, भांडी घासणाऱ्या बाईकडे, कोपऱ्यावरच्या झोपड्यांकडे. प्रत्येक घराची हीच यादी, आणि सगळ्यांची वेळही हीच.

आमच्या मजल्यावर कामाला येणाऱ्या आपा तीन मुलांना घेऊन एका खोलीत राहतात. फ्रीज नाही. ईदच्या संध्याकाळी त्यांच्या दारात बादलीभर गोश्त होतं, आणखी दोन पिशव्या खुंटीला लटकत होत्या. जून महिन्याचा उकाडा. जेवढं शिजवता आलं तेवढं त्यांनी शिजवलं, थोडं हळद-मीठ लावून दोरीवर टांगलं. मी आमची पिशवी पुढे केली तर म्हणाल्या, "भाईजान, आज नको, परवा द्या ना." परवा देणार कोण? परवापर्यंत आमचं उरलेलं गोठून दगड झालेलं असतं आणि घराघरात बिर्याणीचे बेत चाललेले असतात. त्याच वेळी रेल्वेलाइनच्या पलीकडे, जिथे कोणाच्या ओळखीचं कोणी नाही, तिथे एक पिशवीही गेलेली नसते.

हे मला फार लागलं, अजूनही लागतं. मदिन्यात एका वर्षी भुकेजलेली बदू (वाळवंटातली) कुटुंबं आली होती तेव्हा हुजूर, म्हणजे पैगंबर, सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी कुर्बानीचं गोश्त तीन दिवसांपेक्षा जास्त ठेवायला मनाई केली. पुढच्या वर्षी ती उठवली आणि कारणही सांगितलं, ती मनाई त्या गरजू लोकांसाठी होती. ही हदीस त्यांच्या पत्नी हजरत आयशांकडून आली आहे. साठवणं जायज आहे, त्यात शंका नाही. पण आजूबाजूला कोण उपाशी आहे ते बघून वाटपाची पद्धत बदलायची असते, एवढं तर त्यातून दिसतंच.

आता गावचा हिस्सा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावी जमात, म्हणजे गावच्या मुसलमानांची संघटना, हे काम करते. 2020 च्या ईदला सरकारने कुर्बानी प्रतीकात्मक करा, जनावरं ऑनलाइन घ्या, असं सांगितलं होतं. तेव्हा मुंबईतल्या बऱ्याच घरांनी पहिल्यांदाच पैसे गावाला पाठवले. आमचीही सुरुवात तेव्हाचीच.

तिथे जमातीकडे एक वही आहे. वहीत विधवा बायका, ज्यांची मुलं आखातात असूनही पैसे पाठवत नाहीत अशी म्हातारी माणसं, चिरेखाणीवर कामाला आलेली कर्नाटकातली कुटुंबं आणि आंब्याच्या बागा राखणारे परप्रांतीय मुसलमान मजूर. सगळी जनावरं ईदच्याच दिवशी कापत नाहीत. शाफईंकडे जिल्हज्जच्या तेरा तारखेपर्यंत कुर्बानी चालते (ईद दहा तारखेला), त्याचा जमातीने चांगला उपयोग करून घेतला आहे. एक जनावर ईदला, एक दुसऱ्या दिवशी, राहिलेलं शेवटच्या दिवसांत. मशिदीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्री अंथरून काटा टांगतात. प्रत्येक पिशवीत मांस, हाड, चरबी आणि थोडी कलेजी, सगळं सारख्या वजनाचं. चांगले तुकडे एकीकडे आणि हाडकं गरिबाला, असं होऊ नये म्हणून एक वयस्कर चाचा काट्याशेजारीच बसलेले असतात. पोरं मोटरसायकलवर पिशव्या घेऊन खाणीपर्यंत जातात. सुकवायला लागू नये, एका वेळेला शिजवून संपावं, एवढंच एका घराला देतात आणि दोन दिवसांनी पुन्हा देतात. दारात येऊन न मागणाऱ्याचं नाव त्या वहीत आहे. माझ्या दृष्टीने यात सगळं आलं.

याच्या अडचणीही आहेत. महाराष्ट्रात हिस्सा म्हणजे म्हैस किंवा रेडाच. 2015 च्या दुरुस्तीनंतर गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही राज्यात बंदी आहे. म्हशीलाही तपासणी, कागदपत्रं आणि वाहतूक सगळं व्यवस्थित लागतं, आणि कागद असूनही वाटेत गाडी अडते. 2025 च्या ईदच्या तोंडावर गोसेवा आयोगाने 3 ते 8 जून जनावरांचे बाजार भरवू नका असं पत्र काढलं होतं. टीका झाल्यावर ते मागे घेतलं, पण तोवर गावोगावी धाकधूक होती. अशा वर्षी ऐन वेळी "जनावर मिळालं नाही, बोकडात करू का?" असा फोन येऊ शकतो. पैसे देतानाच तेही बोलून ठेवलेलं बरं. दुसरं, म्हशीचं गोश्त बिगरमुस्लिम शेजाऱ्याला देता येत नाही, घेणारही नाही. बोकडाचं तो आनंदाने घेतो. बिगरमुस्लिमाला कुर्बानीचं गोश्त द्यावं का, यावर शाफईंमध्ये मतभेद आहेत, आपल्या आलिमांना विचारून घ्या. पण ज्यांना शेजाऱ्यांशी हा घरोबा ठेवायचा आहे त्यांच्यासाठी हे बोकडाच्या बाजूचं वजन आहे.

हनफी असाल तर सातही हिस्सेदारांची नियत इबादतीची आहे का, हे विचारा. त्यांच्यात एकजण नुसत्या गोश्तासाठी सामील झाला तर सगळ्यांची कुर्बानी अडते. शाफईंकडे एवढी अडचण नाही.

ऑनलाइनबद्दल मी जरा जपून बोलतो, कारण काही संस्था खरोखर चांगलं काम करतात. जिथे वर्षभर मांस दिसत नाही अशा ठिकाणी त्या पोचतात, काही तर गोश्त डब्यात बंद करून महिनोन्‌महिने वाटतात. सौदीत हजच्या कुर्बानीचं गोश्त वाया जाऊ नये म्हणून 1983 मध्ये इस्लामी विकास बँकेच्या देखरेखीखाली प्रकल्प सुरू झाला आणि ते गोश्त कितीतरी गरीब देशांत जातं. ब्रिटनमधले आमचे नातेवाईक अशाच संस्थांकडे पैसे भरतात. देशागणिक दर वेगळे असतात, त्यातून त्यांना हवा तो देश निवडता येतो. त्यांच्या आजूबाजूला गरजू मुसलमान घर शोधूनही सापडत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी तेच ठीक.

मला खटकलं ते एवढंच, की एका संस्थेकडे पैसे भरल्यावर कुर्बानी झाल्याचा निरोप येईपर्यंत सुन्नतीप्रमाणे केस-नखं न काढता थांबलो, आणि निरोप आला तो नुसता आभाराचा. कोणत्या दिवशी, कुठे, कोणाला, यातलं काहीच नाही. विचारलं तर पुन्हा तोच मजकूर. बेइमानी होती असं मी म्हणत नाही. पण आपल्या वतीने कुर्बानी करायला आपण ज्याला वकील केलं त्याला एक साधा प्रश्न विचारता यावा, एवढी अपेक्षा राहतेच.

सगळंच दूर पाठवू नका, असंही मला वाटतं. घरात लहान मुलं असतील तर एखाद्या वर्षी बोकड आणा. फक्त गरिबांचा वाटा त्या दुपारी गल्लीत रिकामा करू नका. स्वच्छ पिशव्यांत बांधून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नेऊन द्या, जमलं तर आपल्या ओळखीच्या पलीकडच्या वस्तीत. शाफईंनी गरिबाला काही गोश्त कच्चंच द्यायला हवं, नुसती बिर्याणी खाऊ घालून भागत नाही, हेही लक्षात असू द्या. एरवी ज्याचं गाव शाबूत आहे आणि जमातीत चार विश्वासाची माणसं आहेत, त्याला मी गावच्या हिश्शाकडेच बोट दाखवीन.

आखातातून पैसे पाठवणाऱ्यांसाठी एवढंच की तिकडची ईद बहुधा आपल्या एक दिवस आधी असते. इकडे शेवटच्या दिवशी जबीहा झाला तर तुमच्या तारखेने मुदत उलटलेली असू शकते, आणि काही उलेमा त्यावर हरकत घेतात. म्हणून आपलं नाव इथल्या पहिल्या-दुसऱ्या दिवसाच्या जनावरात घ्यायला सांगा. पैसे चांद दिसण्याच्या आधीच पोचते करा, कारण नंतर जनावरांचे भाव चढतात. नाव वडिलांच्या नावासकट लिहून द्या. कसायाची मजुरी हिश्शाच्या रकमेत धरली आहे का ते विचारा, कारण ती गोश्त किंवा कातड्यातून देता येत नाही. आणि आपल्या वाट्याचं घरी काही नको असेल तर "सगळं वहीतल्या घरांना" असं स्पष्ट सांगा, नाहीतर कोणीतरी प्रेमाने तुमच्यासाठी राखून ठेवतं.