पांढऱ्या ओकवर नऊ महिने: कार्बन पोलादाच्या पटाश्या आणि रंध्याचा अनुभव

फेब्रुवारीत नागपूरच्या इतवारीतील लोहाओळीतून मी कार्बन पोलादाच्या चार पटाश्या आणि पाच नंबरचा लोखंडी रंधा घेतला. लकडगंजातून आणलेल्या अमेरिकन पांढऱ्या ओकचे अभ्यासाचे टेबल करायचे, एवढेच तेव्हा डोक्यात होते. त्याआधीची सगळी हौस सागवानावर भागली होती. चंद्रपूर-बल्लारपूरचे सागवान हाताशी असताना विदर्भात दुसऱ्या लाकडाच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. नोव्हेंबरपर्यंत टेबल आणि दोन बाक झाले, शिवाय एक पेटी झाली, जी केली नसती तर बरे झाले असते.

ओकवर धार लवकर जाईल, ही माझी भीती खोटी ठरली. ओक सागवानापेक्षा जड आणि कडक असला, तरी सागवानात सिलिका असते आणि ती बारीक वाळूसारखी धार खाते. कोरड्या ओकवर पाते त्याहून लवकर बोथटले, असे मला एकदाही जाणवले नाही. आडव्या तंतूंवर खाचा पाडताना पातळ धारेचे कोपरे तेवढे उडाले. पटाशीचा कोन २५ अंशांवरून ३० अंशांवर नेल्यावर तेही थांबले.

खरा त्रास निराळाच निघाला, आणि तोही मे महिन्यात, जेव्हा नागपूरची हवा पापडासारखी कोरडी असते. दुपारी जेवायला जाताना रंधा ओकच्या फळीवर तसाच ठेवला होता. तासाभराने उचलला, तर फळीवर त्याच्या तळाचा निळसर काळा ठसा उमटलेला आणि पात्याच्या पाठीवर, त्यावर बसणाऱ्या दाबपट्टीखाली अडकलेल्या ढलप्यांच्या आकाराचेच काळे डाग. कोरड्या दिवसांत हे कसे झाले, ते कळायला दोन दिवस लागले. कूलरच्या खसच्या ताट्यांतून येणारा ओला वारा थेट कामाच्या टेबलावर पडत होता. ओळखीच्या वयस्क मिस्त्रींना डाग दाखवले, तेव्हा ते एवढेच म्हणाले, "भाऊ, विळीवर आवळा चिरून ती तशीच ठेवली तर काय होते?"

उत्तर त्यातच होते. आवळ्यात आणि हिरड्यात असते तसे टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, ओकमध्येही भरपूर असते. ओलाव्यात लोखंडाचा अंश विरघळला की टॅनिन त्याच्याशी मिळून काळा रंग तयार करते. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा एक क्षार) यांपासून काळी शाई करतात, तीही याच रसायनामुळे. लाकडातील ओलावा १५ टक्क्यांखाली असेल तर पोलादावर फारसे काही घडत नाही; पाणी, घाम किंवा दमट वारा मिळाला की सुरू होते.

येथे एक भेद मला फार उशिरा कळला. काळा थर म्हणजे गंज नव्हे, तो बव्हंशी वरवरचा असतो आणि धार लावायच्या १००० नंबरच्या दगडावर पाठ दोन-चार वेळा फिरवली की निघून जातो. लाल गंज मात्र पोलादात खड्डे पाडतो. जुलैत आठवडाभर न पुसलेल्या अर्ध्या इंचाच्या पटाशीच्या पाठीवर, अगदी धारेलगत, सुईच्या टोकाएवढे तीन खड्डे पडले. धार त्यांच्यापर्यंत आली की तिथे दातरा पडे आणि ओकवर बारीक उभी रेघ उमटे. शेवटी जवळजवळ एक मिलिमीटर पोलाद घासून काढावे लागले. नंतर रंध्याला ए२ पोलादाचे पाते बसवले. त्यात सुमारे ५ टक्के क्रोमियम असते. डाग कमी पडतात, पण ते स्टेनलेस नव्हे, आणि धार लावायला वेळही जास्त लागतो. मूळ पाते बदलावेच, असे मी म्हणणार नाही.

आता पेटीविषयी. उरलेल्या ओकची झाकणाची सुरेख पेटी करून पटाश्या त्यात बंद ठेवल्या, आणि ऑगस्टअखेर चारींच्या मानेवर लाली आली. ओकमधून ॲसिटिक आम्लाची वाफ हळूहळू बाहेर पडत राहते. बंद जागेत ती साठते आणि दमट हवेत लोखंडाला भोवते. संग्रहालयांतील शिशाच्या वस्तू ओकच्या कपाटांत खराब झाल्याची उदाहरणे आहेत, हे पेटी करण्यापूर्वी वाचले असते तर एक चांगली फळी वाचली असती.

सध्या काम थांबले की रंध्याचे तोंड ब्रशने झाडतो, पाते पुसतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवतो. खोबरेलही वापरून पाहिले, पण नागपूरच्या थंडीत ते पात्यावरच गोठते. धार लावून झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय ओकला शिवत नाही, कारण दगडावरच्या ओल्या गाळात पोलादाचे कण असतात आणि ओल्या बोटांचे ठसे फळीवर काळे उमटतात. टेबलावरचा रंध्याचा ठसा ऑक्झॅलिक ॲसिडच्या पातळ द्रावणाने, हातमोजे घालून, काढला आणि फळी नंतर पाण्याने नीट धुतली. पटाश्या आता कापडी गुंडाळीत असतात, आणि पेटीत सँडपेपर ठेवला आहे.