९० स्विच आले, की-बोर्ड आलाच नाही

जुळे सोलापुरात घरातूनच मी डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल असं काम असतं. माझी बोटं टाइपरायटरवर घडली. मराठी ३० आणि ४० च्या परीक्षा मी जुन्या मशीनवर दिल्या, आणि बटण पुरतं खाली जाऊन कागदावर अक्षर उमटल्याचा तो भरवसा मला कॉम्प्युटरच्या रबरी की-बोर्डवर कधीच मिळाला नाही. दिवसाला आठ-नऊ तास टाइप करणाऱ्या बाईला हे किती जाणवतं, ते टाइप करणारेच समजू शकतील. वर्ष-दीड वर्षात स्पेसबार अडकायला लागतो आणि सगळा की-बोर्ड टाकून द्यावा लागतो.

म्हणून बहिणीच्या मुलाने मेकॅनिकल की-बोर्डबद्दल सांगितलं तेव्हा मी कान टवकारले. त्यात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, स्प्रिंग आणि दांडा असलेला. एक बिघडला तर तेवढाच बदलायचा. लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी मध्ये हलकासा अडतो, निळा टक्कन वाजतो. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचचं पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल अशा अनेकांनी त्याच मापाचे स्विच काढले. त्यामुळे एकाचा स्विच दुसऱ्याच्या बोर्डात बसतो. हॉट-स्वॅप बोर्ड घेतला तर डाग द्यायचीही (सोल्डर करायचीही) गरज नाही, स्विच सॉकेटमध्ये नुसता दाबायचा. शिवाय अशा अनेक बोर्डांत कोणतं बटण काय पाठवेल हे आपण ठरवू शकतो. जुन्या मराठी फॉन्टमध्ये काही जोडाक्षरांसाठी आम्हाला अजून ऑल्ट धरून आकडे मारावे लागतात, ते सगळं एका बटणावर येणार होतं. मला हे खरोखर हवं होतं, आणि आजही हवं आहे.

भाचा पुण्यात शिकायला असतो. त्याची वाट न बघता मीच शोधाशोध सुरू केली आणि मोबाइलवरच्या, अशा की-बोर्डचा छंद असणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये गेले. तिथे ‘ग्रुप बाय’ चालू होता. ही पद्धत खरी आहे, हे आधी सांगते. ॲल्युमिनियमची केस, म्हणजे की-बोर्डची बाहेरची पेटी, मशीनवर कापून घ्यायची तर कारखाना पाच-दहा नग करून देत नाही. म्हणून इच्छुकांकडून पैसे आधी जमवतात, मग ऑर्डर देतात, आणि माल यायला कित्येक महिने लागतात. कीकॅपच्या, म्हणजे बटणांवरच्या टोप्यांच्या, संचांना तर वर्षही लागू शकतं. वस्तू अजून बनलेलीच नसते, म्हणून फोटोच्या जागी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र दाखवतात. पैसे आगाऊ, वस्तू नंतर, दाखवायला नुसतं चित्र आणि लांबलेली तारीख. प्रामाणिक माणूसही असंच विकतो. नवखा माणूस फरक ओळखणार कसा?

ग्रुप चालवणारा मराठी बोलायचा, मला ताई म्हणायचा. मी शंका काढली तर म्हणाला, “ताई, ही भिशीच समजा. सगळ्यांनी टाकायचं, नंबर लागला की उचलायचं.” भिशी म्हटल्यावर माझं मन निवळलं. आमच्या गल्लीत वीस वर्षं भिशी चालते. पण भिशी चालवणाऱ्या काकूंचं दार मला माहीत आहे, त्यांच्या सुनेचं माहेर मला माहीत आहे. या माणसाचं मला काय माहीत होतं? एक टोपणनाव आणि एक यूपीआय आयडी.

गड्ड्याची जत्रा चालू होती, तेव्हा जानेवारीत मी पैसे भरले. ७५ टक्के आकाराच्या, म्हणजे नेहमीपेक्षा लहान, बोर्डाच्या किटचे (स्विच सोडून बाकीच्या सुट्या भागांचे) ११,५०० आणि ९० स्विचचे ३,१५०. “आज रात्री यादी बंद होते, दोनच जागा उरल्यात,” असं त्याने दुपारी सांगितलं होतं. यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं जे नाव दिसलं ते त्याचं नव्हतं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे, मर्यादा संपली म्हणून. त्या क्षणी मी थांबायला हवं होतं.

एप्रिलमध्ये पार्सल आलं. त्यात खरोखरच ९० स्विच होते. किट जूनमध्ये येईल, असा निरोप. मी पिशवीतला एकेक स्विच बोटाने दाबून बघत बसले. तो आवाज, तो उसळून वर येणारा दांडा, फार आनंद झाला. त्याने विनंती केली म्हणून मी तळहातावर स्विच ठेवून फोटो काढला आणि ग्रुपमध्ये टाकला: माल मिळाला, धन्यवाद. यासाठीच मुख्यतः मी हे लिहायला बसले आहे. तो फोटो बघून आणखी दोघांनी पैसे भरले. त्यांतली एक नांदेडची मुलगी होती, तिने मला वेगळा मेसेज करून विचारलं होतं, “ताई, माणूस खात्रीचा आहे ना?” मी हो म्हणाले होते.

जूनमध्ये किट आलं नाही. निरोप आला की माल कस्टममध्ये अडकलाय, प्रत्येकी ३,२०० भरले तरच सुटेल. अर्धा माल हातात आला होता, म्हणून उरलेल्याची खात्री वाटत होती. मी तेही भरले. आयात शुल्क लागतं हे खरं आहे, पण परदेशातून तुमच्या नावाने पार्सल आलं असेल तर शुल्क पोस्ट किंवा कुरिअर कंपनी घेते आणि पावती देते. आणि आणणाऱ्याने स्वतःच्या नावाने माल मागवला असेल तर त्याने शुल्काची कागदपत्रं दाखवली पाहिजेत. कुणा एका व्यक्तीच्या यूपीआयवर भरायची ती रक्कम नव्हे. मी कागद मागितला नाही.

ऑगस्टमध्ये भाचा सोलापुरात आला. मी पिशवी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने दोन-चार स्विच उलटे केले आणि गप्पच झाला. मग म्हणाला, “मावशी, हे बघ की. पायांवर डाग आहे.” नव्या स्विचचे धातूचे दोन पाय चपटे आणि स्वच्छ असतात. यांच्यावर सोल्डरचे करडे थेंब गोठले होते. म्हणजे ते कुठल्या तरी जुन्या बोर्डातून उपटून काढले होते. काहींच्या बुडाला प्लास्टिकचे दोन जादा पाय असायला हवेत, ते कापलेले होते. वरच्या झाकणावरची अक्षरं तीन वेगवेगळ्या कंपन्यांची निघाली. असले स्विच हॉट-स्वॅप सॉकेटमध्ये दाबले तर डागामुळे सॉकेटची पकड ताणली जाते आणि मग चांगला स्विचही ढिला बसतो. म्हणजे किट आलं असतं तरी हे ९० स्विच त्याला खराबच करणार होते.

मग त्याने ‘नमुना’ म्हणून ग्रुपमध्ये टाकलेला केसचा फोटो गूगल लेन्सवर टाकला. तोच फोटो परदेशातल्या एका छांदिष्टाने दोन वर्षांपूर्वी आपल्या टेबलावर काढलेला होता. मी ग्रुपमध्ये हे लिहिलं आणि दोन मिनिटांत मला बाहेर काढण्यात आलं.

त्याच संध्याकाळी १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन केला, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि दुसऱ्या दिवशी सायबर पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पैसे गेल्यावर लगेच कळवलं तर समोरच्या बँकेत ती रक्कम गोठवता येते. मी सात महिन्यांनी आले होते. खातं तिसऱ्याच माणसाच्या नावावर होतं आणि त्यात काही उरलं नव्हतं. बँकेचंही म्हणणं असं की पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार तुमच्याच संमतीचा. आता कळतं की मधले ते ९० स्विच कशासाठी होते. त्यांनी मला एप्रिल ते ऑगस्ट गप्प बसवलं.

ज्यांना हा छंद सुरू करायचा आहे त्यांनी जरूर करावा. पण पहिला बोर्ड ग्रुप बायमध्ये घेऊ नका. तयार, साठ्यात असलेलं हॉट-स्वॅप किट जीएसटी बिल देणाऱ्या दुकानातून घ्या. महाग वाटलं तर कमी किमतीचं घ्या, ॲल्युमिनियमऐवजी प्लास्टिकची केस चालते. कुणाकडून वापरलेलं घेत असाल तर वस्तूशेजारी कागदावर तुमचं नाव आणि आजची तारीख हाताने लिहून फोटो मागा. जुना जाणता छांदिष्ट याला कधीच नाराज होत नाही, या लोकांत ही नेहमीची रीत आहे. स्विचचा फोटो वरून नको, पायांकडून मागा. ओळखीचं कुणी पुण्या-मुंबईत असेल तर त्यांना हातात घेऊन बघायला सांगा. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि बोलणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही पाठवू नका, मग तो कुणाचाही भाऊ असो.

नांदेडच्या मुलीला मी फोन करून सगळं सांगितलं. तिने तक्रार नोंदवली आहे. दुसऱ्याचा पत्ता मला लागलेला नाही. एप्रिलमध्ये तळहातावर स्विच घेतलेला, मागे पत्रिकांचा गठ्ठा दिसणारा फोटो बघून तुम्ही पैसे भरले असतील, तर तो हात माझा आहे. तुमच्या पार्सलमधले स्विच उलटे करून बघा आणि आजच १९३० लावा. व्यवहाराचा १२ अंकी क्रमांक, बोलण्याचे स्क्रीनशॉट आणि पार्सलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता जपून ठेवा. माझ्या पार्सलची पिशवी मी एप्रिलमध्येच कचऱ्यात टाकली होती.