ई-रीडरवर आठ महिने : मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी

सदाशिव पेठेत राहते, एकोणीस वर्षं घरीच मराठी पुस्तकांची प्रुफं तपासते. गणपतीच्या आधी सहा इंची ई-रीडर घेतला.

यंत्र उत्तम आहे. ई-इंकचा पडदा भर उन्हातही कागदासारखा दिसतो, सारसबागेत दुपारी बसून वाचलंय. चार्जिंग दोन-तीन आठवड्यांनी. पण खरा लाभ झाला तो आईला. तिचं वय अठ्ठ्याहत्तर. मोठ्या टायपातली मराठी कादंबरी दुकानात मिळणं कठीण. इथे तिने अक्षर वाढवून घेतलं आणि चार वर्षं सुटलेलं वाचन परत सुरू झालं. पानावर जेमतेम दहा ओळी मावतात, तरी संध्याकाळचा चहा निवतो.

माझी तक्रार पुस्तकांबद्दल आहे. विकत घेतलेल्या एका जुन्या कादंबरीत ‘कार्य’चं ‘कायर्’ आणि ‘धर्म’चं ‘धमर्’ झालेलं. छापील प्रतीत यातलं काही नाही. कारण साधं आहे. युनिकोडच्या, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीच्या, आधी डीटीपीच्या (संगणकावर पानं जुळवायच्या) फॉन्टमध्ये मजकूर दिसतो त्या क्रमाने साठवायचे: रफार अक्षरानंतर, पहिली वेलांटी अक्षराआधी. युनिकोडला उच्चाराचा क्रम लागतो. रूपांतरात ही अदलाबदल चुकली की रफार मोडतो, वेलांटी भलत्याच अक्षरावर जाते. म्हणून जुनं पुस्तक ई-पुस्तक करताना पहिल्या पानापासून पुन्हा वाचावंच लागतं, आणि नेमकं तेवढंच काम गाळलं जातं. दुसरं एक पुस्तक तर नुसती स्कॅन केलेली पीडीएफ निघालं. अक्षर वाढवलं की ओळ पडद्याबाहेर जाते. आईने दोन पानांत सोडून दिलं.

याचा त्रास जास्त होतो, कारण ई-पुस्तकाने प्रकाशकाचं मोठं ओझं उतरवलंय. कागद, छपाई, बांधणी यांचे पैसे आधी घालायचे, मग गठ्ठे गोदामात सांभाळायचे. त्यामुळे हळूहळू खपणारं चांगलं पुस्तक पुन्हा छापायला कुणी धजत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांत ‘आवृत्ती संपली’ हे उत्तर किती वेळा ऐकलंय! फाइलची आवृत्ती संपत नाही. छापील आवृत्ती असलेल्या ई-पुस्तकांवरचा जीएसटीही 2018 मध्ये 18 वरून 5 टक्क्यांवर आला. छपाईचा खर्च वाचतो, त्यातला थोडा तरी मुद्रितशोधनावर खर्च व्हावा.

त्या कादंबरीतल्या 212 चुकांची यादी मी प्रकाशकांना पाठवली. सहा आठवड्यांनी दुरुस्त फाइल आली, आधी विकत घेतलेल्या माझ्या प्रतीतही. मला फार आनंद झाला. छापील पुस्तकात फार तर शुद्धिपत्र चिकटवतात, आणि घरोघरी गेलेल्या प्रती तशाच राहतात.

मराठी ई-पुस्तक घेण्याआधी नमुन्याची पानं उतरवून घ्या. त्यात रफाराचे आणि पहिल्या वेलांटीचे शब्द बघा, अक्षर मोठं करून बघा. चुका दिसल्या तर पान टिपून प्रकाशकांना कळवा.